पाच मायक्रॉन

गुरुवार, दुपारचे तीन, ओमाहा.
मार्चातला वारा पार्किंगमधल्या झेंड्यांना झोडपतोय
आणि मोठ्या सभागृहात आमच्या इस्पितळाचा
वार्षिक कौतुकसोहळा.
ईमेलात लिहिलं होतं, कर्मचारी, विद्यार्थी, सगळ्यांनी यावं.
नंतर केक आहे.

मी निघालेच होते. हातमोजे काढले होते,
क्रायोस्टॅटच्या काचेत बघून ओढणी सारखी केली होती.
तेवढ्यात भिंतीवरचा फोन.
थिएटर सहा. फ्रोझन पाठवतोय.

फ्रोझन म्हणजे कुणीतरी टेबलावर, पोट उघडं,
डॉक्टर हाल्व्हरसन हात छातीशी धरून उभे,
आणि आमच्याकडे वीस मिनिटं.

हातमोजे पुन्हा.
बोराएवढा तुकडा, शाईने कडा रंगवलेला.
गोठवला, पात्यासमोर बसवला, चाक फिरवलं.
पाच मायक्रॉन.
कांद्याचा पापुद्रा याच्यापुढे गोधडी.
श्वास सोडला तर उडतो, कोंडला तर हात कापतो,
म्हणून मी अर्धाच घेते,
गेली पंचवीस वर्षं.

मोबाइल ओट्यावर, सोहळा चालू, आवाज बारीक.
क्लारा होलूबला संशोधनाचं पहिलं बक्षीस.
टाळ्या.
तिच्या निबंधातल्या चारशे बारा स्लाइड मी कापल्या.
पहिल्या दिवशी म्हणाली होती, हे तर यंत्रच करतं ना?
मी तिच्या हाती चाक दिलं.
दुपारभर तिने नुसत्या चिंध्या काढल्या
आणि दुसऱ्या दिवशी आठाच्या आत दारात उभी.
माझ्यापुरतं तिचं बक्षीस तेव्हाच झालं होतं.

मग न्यादुओथ. नर्सिंगचं शेवटचं वर्ष.
रात्री स्ट्रेचर ढकलायची, दिवसा वर्गात बसायची.
डीनसाहेब तिच्या नावाशी अडखळले, थांबले,
तिलाच विचारलं, आणि पुन्हा नीट घेतलं.
मागच्या रांगांतून तिच्या मावश्यांनी अशी किलकारी मारली
की माझा फोन चरचरला.

अब्बा मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडीवर कानस, मग तारेखाली सुताचा दोरा, मग कान.
केसभर जास्त घासलं की तार मुकी.
मैफलीत ते दाराजवळ, चपलांच्या ढिगाशेजारी.
लोक गवयाला दाद द्यायचे, हे मान तिरकी करून
तंबोरा ऐकत बसायचे.
मी विचारलं होतं एकदा, तुमचं नाव का घेत नाही कुणी?
म्हणाले, बोलतोय ना तो. गप ऐक.

स्लाइड रंगात. जांभळा, मग गुलाबी.
डॉक्टर व्होन्द्रांनी डोळे भिंगाला लावले,
पेपरमिंट चघळायचे थांबले.
मी त्यांच्या जबड्याकडे बघत राहिले.
आणि नेमकं तेव्हाच फोनमधून :
शमीम सा... सतार... मेकर, हिस्टॉलॉजी, पंचवीस वर्षं.
टाळ्या झाल्या.
मग जरा गोंधळल्या,
कारण कुणी उठलंच नाही.

कडा स्वच्छ, व्होन्द्रा म्हणाले.
जबडा पुन्हा सुरू.
भिंतीवरच्या फोनवर त्यांनी तेच दोन शब्द सांगितले,
पलीकडून कुणीतरी ओके म्हटलं, ठेवला.
ती कोण, कुठली, मला माहीत नाही.
आमच्याकडे नुसता आकडा येतो.

पाचला क्लारा आली. एका हातात माझी काचेची पाटी
(नावात एक अक्षर जास्तीचं),
दुसऱ्यात उरलेला केक, क्रीम खोक्याला चिकटलेलं.
प्लास्टिकची सुरी पुढे करत म्हणाली,
तुम्हीच कापा, पण माझा तुकडा बारीक.
मी म्हटलं, बारीक आज पुष्कळ झालं.
आणि चांगला चार बोटं जाड कापला.